रुक्मिणीबाई, हजर

धारूर, १२ जानेवारी २०२६

अंगद,

जय भीम. माझं अक्षर दिसलं की पाकीट न फोडताच ठेवून देशील, म्हणून वरचा पत्ता पोस्टातल्या बाईंकडून लिहून घेतला आहे. एवढी लबाडी थोरल्या बहिणीला माफ असावी. आत मात्र मीच आहे, आता उघडलंच आहेस तर वाच.

सहा वर्षांनी लिहिते आहे. आई तुझा पत्ता देत नव्हती. मी दोन दिवस इथे तिच्याजवळ राहिले, तिच्या तोंडून तुझं कौतुक ऐकलं, माझ्या वाटणीची बोलणी ऐकून घेतली, तेव्हा आज सकाळी तिनं पिशवीतून चिठ्ठी काढली. भोसरीला खोली आहे, कंपनीत पक्का झालास, हे तिनंच सांगितलं. बरं वाटलं. खोली किती मोठी आहे? सहज विचारते.

आपल्याकडचं सांगायचं तर जिनिंग बंद पडलं. ऐन सीझनमध्ये, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. सरकारनं बाहेरच्या कापसावरचा कर उठवला आणि सूतगिरण्यांनी जहाजातून आलेला कापूस घेतला. आपल्या गाठी शेडमध्ये तशाच. मालकानं सरकी काढायचे चरखे थांबवले आणि फाटकाला कुलूप घातलं. साठ-पासष्ट बायका त्या दिवशी डबे घेऊन फाटकाबाहेर उन्हात बसून राहिल्या, कारण घरी जाऊन काय सांगायचं हे कुणालाच सुचत नव्हतं. ऊसतोडीच्या टोळ्या तर दिवाळीतच गेलेल्या, तिकडेही आता कोण घेणार?

आता सरकारची मदत येणार आहे. बाहेरच्या मालामुळे ज्यांचं काम गेलं त्यांना सहा महिने आधार आणि दुसरं काम शिकवायचं, अशी योजना. राधाकिशनरावांनी फाटकासमोर मोठी सभा घेतली. परदेशी कापसानं आमच्या आयाबहिणींच्या पोटावर पाय दिला, असं म्हणताना त्यांचा आवाज भरून आला. निवडणूक तोंडावर आली की त्यांचा गळा लवकर भरून येतो. बॅनरवर त्यांचा फोटो दारापेक्षा मोठा होता, कापसाचं बोंड लिंबाएवढं.

मदतीसाठी हजेरीच्या पुस्तकात नाव लागतं. पुस्तक माझ्याकडे असायचं हे तुला माहीत आहे. सध्या नाही. पण ते होईल व्यवस्थित.

फोन मुद्दाम करत नाही. आईलाही फोनवर यातलं काही विचारू नकोस, ती स्पीकर लावते आणि अख्खी गल्ली ऐकते. घरच्या पत्त्यावर उत्तर पाठवू नकोस. धारूरला आईच्या नावानं पाठव.

काळजी करण्यासारखं काही नाही.

अक्का

&nbsp;

वडवणी, २७ जानेवारी

अंगद,

उत्तर आलं नाही. येईल अशी आशाही धरली नव्हती, तरी आईकडे दोनदा जाऊन आले. हे पत्र वडवणीच्या बाजाराच्या दिवशी टाकते आहे. वडवणीला माझं काय काम, असं तू विचारशील. काही नाही. केजच्या पोस्टात बंकटचा साडू आहे.

बंकट म्हणजे तोच. तेव्हा जिनिंगमध्ये मुकादम होता, आता राधाकिशनरावांचं सगळं तोच बघतो. पांढरी गाडी, पांढरे कपडे, आणि बोलणं नको तितकं गोड.

यादी लागली. एकशे बारा नावं. जिनिंगमध्ये एवढी माणसं कधी नव्हतीच. मी फाटकाशी उभी राहून तीनदा वाचली. राधाकिशनरावांच्या बूथवरची माणसं, त्यांच्या बायका, एक किराणा दुकानदार, एक जण तर पुण्याला रिक्षा चालवतो. ज्यांच्या नाकातोंडात वीस-वीस वर्षं रुई गेली, त्यांच्यातल्या नऊ बायकांची नावं त्यात आहेत. सुभद्राबाईचं नाही.

तू म्हणशील, हजेरीत नाव असेल तर कसं कापतील? तर ऐक, हे तुला पुरुषांच्या बाजूला काम करताना कधी कळलं नसेल. बायकांच्या बाजूला निम्म्या जणी स्वतःच्या नावानं कामाला नव्हत्याच. मुनीम नवं नाव चढवायला तयार नसायचा. नवं नाव म्हणजे नवे कागद, नवे फंड, नवी कटकट. जुनं चालू ठेवा, म्हणायचा. म्हणून सासू थकली की सून तिच्या नावावर यायची, आई गेली की लेक यायची. आम्ही याला ‘नावावर जाणं’ म्हणायचो आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. सुभद्राबाई नऊ वर्षं सासूच्या नावावर कामाला होती. ती कामाला लागली त्याच साली सासू रुक्मिणीबाई वारल्या, आणि तरी पुस्तक माझ्याकडे आल्यापासून रोज सकाळी मी पुकारायचे, ‘रुक्मिणीबाई!’ आणि सुभद्राबाई ओरडायची, ‘हजर!’ चरख्यांच्या आवाजात ओरडावंच लागायचं.

तर मेलेल्या सासूच्या नावावर आता जितीजागती सून मदत कशी मागणार? ती माझ्या दारात येऊन बसली. म्हणाली, “ताई, नव्या कोयत्याला ऊसतोडीचा मुकादम उचल देईना. शाळेतल्या लेकी टाकून कुठं जाऊ मी? तुमाला तर ठावं हाय मी कोण ते. तुमी सांगा की.”

मी म्हटलं, सांगते.

पण पुस्तक माझ्याकडे नाही. ते मी बंकटला दिलं. बायकांची नावं दुरुस्त करून आणतो म्हणाला. सासवांची काढून सुनांची घालतो. मी स्वतः होऊन दिलं, कुणी गळा धरला नव्हता. बायकांचं भलं होईल असंच वाटलं होतं.

तो परवा घरी आला होता. चहा घेतला. चहा पिता पिता समोरचा माझा मोबाईल उचलला आणि एकेक करून सगळे नंबर बघितले. मी बघत होते आणि तो बघत होता, आणि मला “ठेवा तो” असं म्हणता आलं नाही. माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसून. जाताना कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला. मला तेव्हापासून नीट झोप लागत नाही.

आरोही बारावीत आहे. अंबाजोगाईला कॉलेजला जाते. हुशार आहे, तुझ्यासारखी तोंडाळ आहे. तिला मामा आहे हे ती विसरलेली नाही.

अक्का

&nbsp;

धारूर, ९ फेब्रुवारी

अंगद,

तुझं पत्र मिळालं. आईनं ब्लाउजमध्ये ठेवलं होतं, घामानं शाई पसरली होती, पण एकच ओळ असल्यामुळे वाचायला काही अडलं नाही. ‘अक्का, कोऱ्या कागदावर सही केलीस का?’

सहा वर्षांनी एकच ओळ, आणि तीही अशी नेमकी. लहानपणी साखरेच्या डब्याला हात लावला तरी तुला कळायचं.

हो. केली. चौदा कोरी पानं, प्रत्येकाच्या तळाशी ‘हजेरी घेणार, वनमाला’ आणि तारीख. बंकट म्हणाला होता, “ताई, बीडला सायबाकडं सारखं सारखं कुठं हेलपाटे घालता? सह्या करून ठिवा, नावं आमी भरतो.” मागच्या पत्रात हे लिहायची लाज वाटली. नवं पुस्तक माझ्या सहीचं आहे. त्यातली एकशे बारा माणसं मी रोज सकाळी डोळ्यांनी बघत होते, असं मी लिहून दिलं आहे. जुनं पुस्तक कुठे गेलं विचारलं तर हसला आणि म्हणाला, “कोणतं जुनं?”

बायकांनी मिळून अर्ज केला होता. त्यामुळे आता पडताळणी आहे, अठरा तारखेला, जिनिंगच्या शेडमध्येच. बीडहून मॅडम येणार. एकेक नाव पुकारून माणूस बघणार आणि शेवटी मला विचारणार, की हे बरोबर आहे का. मी हो म्हटलं तर सुभद्राबाई आणि यादीतून गळलेल्या पन्नासेक जणी संपल्या. नाही म्हटलं तर खोटं पुस्तक बनवणारी मीच, कारण सही माझी, अक्षरसुद्धा कुणीतरी माझ्या वळणाचं काढलं आहे. तुरुंगाचं मला तेवढं वाटत नाही. खोटं कशाला बोलू, वाटतं. पण त्याहून वाईट आहे ते पुढे लिहिते.

काल बंकट रस्त्यात भेटला. गाडी थांबवून काच खाली केली. “पोरगी सव्वासातच्या गाडीनं जाती न्हाई का? लई गुणाची हाय. आमच्या पोरांना सांगून ठिवलंय, ताईची पोरगी हाय, ध्यान ठिवा म्हनून. जमाना लई खराब हाय, ताई.” मी म्हटलं, तुमचे उपकार आहेत. खरंच असं म्हटलं मी, हात जोडून.

आरोहीला हे सांगितलेलं नाही. ती म्हणते, आई, तू सारखी दारापाशी का उभी असतेस?

आता तुला जे ऐकायचं आहे ते लिहिते. वत्सलाबाईंची बोटं गेली त्या दिवशी मी तिथेच होते. त्या रोलर साफ करत होत्या, बंकटनं न बघता बटण दाबलं. मी त्याचा हात बटणावर बघितला. नंतर शेडमध्ये सगळ्यांसमोर मालकानं विचारलं, चरखा कुणी चालू केला? बंकट म्हणाला, फिटरनं, म्हणजे तू. मालक माझ्याकडे वळला. मी म्हटलं, “मी बघितलं नाही.” तू माझ्याकडे बघत होतास. पुढच्याच महिन्यात मला हजेरीचं काम मिळालं, खुर्ची मिळाली, पंख्याखाली बसायला मिळालं. ते कशाबद्दल मिळालं हे तुला ठाऊक होतं आणि मलाही. आपण दोघांनी ते कधी तोंडातून काढलं नाही. तू गाव सोडलंस, मी खुर्ची धरून बसले.

माफी मागत नाही. मागितली तर तू देशीलही, आणि मग मला परत तेच करायला सोपं जाईल.

मी अठराला हो म्हणणार आहे. हे तुला आधीच सांगून ठेवते. आरोहीपुढे मला दुसरं काही दिसत नाही. तुला पटणार नाही, आणि तुझं बरोबरच असेल. पण तुला लेक नाही, अंगद.

अक्का

&nbsp;

केज बसस्थानक, १८ फेब्रुवारी, दुपार

अंगद,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. मांडीवर कागद धरून लिहिते आहे, अक्षर समजून घे. पुण्याची गाडी अंबाजोगाईहून येते आहे, ती इथे पोहोचेपर्यंत लिहिते. तुझा नंबर आईकडून घेतला, तीनदा लावला, तू उचलला नाहीस. अनोळखी नंबर उचलत नाहीस असं आई म्हणते.

सकाळी मी हो म्हणायचं ठरवूनच शेडमध्ये गेले. आरोही नेहमीच्या गाडीनं कॉलेजला गेली होती. मी तिला थांबवलं असतं तर बंकटला वाटलं असतं की हिच्या मनात काही आहे.

शेडमध्ये टेबल टाकलं होतं. मॅडम तरुण होत्या, तोंडाला रुमाल, रुईनं सारख्या शिंकत होत्या. बंकट खांबाला टेकून उभा. त्याची माणसं पुढच्या खुर्च्यांवर, कामाच्या बायका मागे जमिनीवर. मॅडम नाव पुकारायच्या, माणूस उठून हजर म्हणायचा, मॅडम खूण करायच्या. किराणा दुकानदार हजर झाला. त्याला सरकी आणि रुई यातला फरक विचारला असता तरी घाम फुटला असता. मी मान खाली घालून बसले होते.

मग मॅडम म्हणाल्या, “रुक्मिणीबाई!”

आडनावासकट नाव जुळणारी एक बाई बंकटनं कुठूनतरी शोधून आणली होती. हिरवं लुगडं, चांगली धट्टीकट्टी. ती उठली आणि हळूच म्हणाली, “हजर.”

आणि त्याच क्षणी मागून, जमिनीवरून, शेड दणाणेल असा आवाज आला. “हजर!”

सुभद्राबाई. तिनं ठरवून केलं नव्हतं रे. नऊ वर्षं रोज सकाळी ज्या नावाला ओ दिली, ते त्याच शेडमध्ये पुकारलं गेलं आणि तिच्या तोंडून ओ गेली. चरखे बंद होते तरी चरख्यांच्या वर जाईल एवढ्या आवाजात. मग तिच्या लक्षात आलं आणि तिनं पदर तोंडात कोंबला.

कुणीतरी हसलं. मॅडमनी रुमाल खाली केला. “रुक्मिणीबाई दोन आहेत का?”

बंकट पुढे आला. “मॅडम, ती बाई येडी हाय. तिचं नाव सुभद्रा. तिला कोन इच्यारतंय?”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. “हजेरी तुम्ही घेत होता ना? यातली रुक्मिणीबाई कोण?”

अंगद, शेड तीच. मी उठून उभी राहिले तीही जागा जवळजवळ तीच. बंकट माझ्याकडे बघतही नव्हता, तो मनगटावरचं घड्याळ बघत होता, आणि मला कळलं की तो कशाचा हिशेब करतो आहे. मला हो म्हणायचं होतं. तोंड उघडलं तेही हो म्हणायलाच.

मी म्हटलं, “दोघीही नाहीत. रुक्मिणीबाई नऊ वर्षांपूर्वी वारल्या. काम हिनं केलं.” आणि सुभद्राबाईकडे बोट केलं.

मॅडम म्हणाल्या, “मग या पानावर सही कुणाची?”

“माझी. पान कोरं होतं.”

“कोऱ्या पानावर सही केलीत? याचा अर्थ कळतो तुम्हाला?”

“कळतो,” म्हटलं.

मग मागे बसलेल्या बायका उठायला लागल्या. कुणी बोलावलं नव्हतं. एकेक जण उभी राहून सांगत होती, मी अमकी, मी सासूच्या नावावर होते, मी आईच्या नावावर. काही जणींना स्वतःचं नाव त्या शेडमध्ये उच्चारताना अडखळायला होत होतं. मॅडमनी नवा कागद घेतला आणि लिहायला लागल्या. माझा जबाब दोन पानं झाला. वत्सलाबाईंच्या बोटांचंही सांगितलं. मॅडम म्हणाल्या, याचा इथे संबंध नाही. मी म्हटलं, तरी लिहा. त्यांनी लिहिलं की नाही, मला दिसलं नाही.

यादी रद्द होईल की नाही, ठाऊक नाही. माझ्यावर गुन्हा दाखल होईल, तो होणारच. मॅडम निघाल्या तेव्हा शिपाई कानात म्हणाला, “बाई, आज घरी नका जाऊ.” बंकट तोवर कधी निघून गेला होता, कुणीच बघितलं नाही.

मी आरोहीला फोन लावला. लागत होता, उचलत नव्हती. परत लावला. चाळीस मिनिटं, अंगद. रस्त्याच्या कडेला उभी राहून मी चाळीस मिनिटं तो फोन लावत होते आणि प्रत्येक पांढरी गाडी दिसली की मला वाटायचं, आरोही हिच्यात आहे. मी मनातल्या मनात सुभद्राबाईला शिव्या दिल्या. स्वतःला दिल्या. मॅडमच्या मागे पळत जाऊन सांगते की मी खोटं बोलले, असंही मनात आलं. खरंच पळाले असते, पण आरोहीला फोन लावणं थांबवता येईना.

मग तिनं फोन उचलला. अभ्यासिकेत होती, फोन बॅगेत. चिडलेली, आई, किती मिस्ड कॉल! मी तिला म्हटलं, कॉलेजच्या मागच्या फाटकानं निघ, तुझ्या वर्गाच्या मॅडमला सांग, मैत्रिणीला बरोबर घे, पुण्याच्या गाडीत बस, ड्रायव्हरच्या मागे, आणि मी केजला येईपर्यंत फोन कानालाच ठेव. तिनं एकदाही का असं विचारलं नाही. त्याचंच मला जास्त रडू आलं. तिला सगळं ठाऊक होतं वाटतं.

मी तिच्याबरोबर येत नाही. उद्या सकाळी बायका माझ्याकडे येणार आहेत, कोण कुणाच्या नावावर होती ते सगळं मला एकटीलाच आठवतं, आणि मॅडमनी ते लेखी मागितलं आहे. आज सुभद्राबाईकडे झोपेन. तिच्या घराला दार म्हणून पत्रा आहे, पण माणसं आहेत. मी घाबरलेली आहे, अंगद. शूर वगैरे झालेली नाही, तसं समजू नकोस. या बाकावर बसून प्रत्येक माणसाचे हात बघते आहे.

गाडी लागली. उतरू नकोस म्हटलं तरी आरोही उतरते आहे.

तिच्याजवळ कॉलेजच्या दप्तराशिवाय काही नाही. कपडे नाहीत, अंघोळीचा साबणही नाही. बारावीचे पेपर चालू आहेत, राहिलेल्या पेपरांच्या सेंटरचं काय करायचं ते तू कॉलेजला विचार. तिला तिखट चालत नाही. रात्री दहाच्या सुमारास तुझ्या दारात पोहोचेल आणि हे पत्र तुझ्या हातात देईल. माझं नाव ऐकून तुला दार लावून घ्यावंसं वाटलं तर खुशाल लाव. फक्त ती आत आल्यावर लाव.

अक्का